हौशी खेळाडूचे घड्याळ

२ मार्च २०२१ या दिवशी लेव्ही रोझमन हा न्यूयॉर्कचा आंतरराष्ट्रीय मास्टर, ‘गॉथमचेस’ या नावाने लक्षावधी लोकांना बुद्धिबळाचे धडे देणारा, नित्याप्रमाणे प्रेक्षकांच्या साक्षीने चेस.कॉमवर डाव मांडून बसला असता, ‘देवा किपास’ असे नाव धारण केलेल्या एका अपरिचित खेळाडूकडून हरला. या नावामागे इंडोनेशियातील बांडुंगचे, साठीच्या घरातले एक गृहस्थ होते. डाव संपला, आणि थोड्याच अवधीत निकोप खेळाच्या नियमांचा भंग झाल्याच्या कारणावरून संकेतस्थळाने देवा किपासचे खाते बंद केले. त्यावर त्या गृहस्थांच्या चिरंजीवांनी फेसबुकवर फिर्याद मांडली. आपल्या वडिलांनी एका नामांकित खेळाडूला सरळ मार्गाने हरविले, हा पराभव त्याच्या चाहत्यांना सोसवला नाही, त्यांनी तक्रारींचा पाऊस पाडला आणि त्या तक्रारींच्या दडपणाखाली खाते गेले, असा तिचा आशय होता. ही कैफियत इंडोनेशियात वाऱ्यासारखी पसरली. हजारो लोक रोझमनवर तुटून पडले, आणि शिव्याशापांचा असा भडिमार झाला की त्याला सामाजिक माध्यमांवरील आपली खाती सार्वजनिक दृष्टीआड करावी लागली.

या प्रकरणाला आता काही वर्षे लोटली आहेत, आणि त्यातील गदारोळ केव्हाच शमला आहे. तरीही ते दफ्तर पुन्हा उघडावेसे मला वाटते. कारण फोनवर रोज रात्री दोन-चार डाव टाकून झोपी जाणाऱ्या असंख्य हौशी खेळाडूंच्या दृष्टीने जो प्रश्न जिव्हाळ्याचा आहे, तो इतक्या उघडपणे आणि इतक्या मोठ्या जनसमुदायापुढे त्यापूर्वी कधी आला नव्हता. हौशी माणसाचा खेळ ओळखावा कसा? त्याची नाममुद्रा कोणती? त्या गृहस्थांचे नाव जगजाहीर आहे. तथापि कोणत्याही न्यायासनापुढे त्यांच्यावर काही शाबीत झालेले नाही, आणि माझा विषय त्यांची व्यक्ती नसून त्यांच्या नावावर जमा झालेले डाव हा आहे, म्हणून या लेखात मी त्यांना देवा किपास याच नावाने संबोधणार आहे.

इंडोनेशियातील सामान्य माणसाने त्या चिरंजीवांच्या शब्दावर चटकन विश्वास ठेवला, याबद्दल त्याला भोळा म्हणून हिणविणे मला मान्य नाही. खेड्यापाड्यातून, कोणत्याही अकादमीच्या पायरीला पाय न लावता आलेला माणूस शहरातल्या मान्यवरांना पटावर नमवितो, ही घटना बुद्धिबळाच्या इतिहासात खरोखर घडलेली आहे, आणि ती आपल्याच भूमीत घडलेली आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला कलकत्त्यात वकिली करणाऱ्या जॉन कॉक्रेन या कसलेल्या स्कॉटिश खेळाडूच्या कानावर असे आले की, मुफस्सलात एक ब्राह्मण आहे आणि तो आजवर कोणाकडूनही हरलेला नाही. त्या महेशचंद्र बंदोपाध्यायांना कॉक्रेनने गाठले, आणि पुढे त्या दोघांत शेकडो डाव झाले. त्यांतील काही लंडनच्या बुद्धिबळविषयक नियतकालिकांत छापले गेले. मधली प्यादी घाईने पुढे न ढकलता उंट बगलेच्या लांब कर्णावर बसवून दुरून मारा धरण्याची महेशचंद्रांची पद्धत युरोपीय डोळ्यांना विचित्र वाटली, आणि त्याच पद्धतीचे बचाव आज ‘इंडियन’ या नावाने जगभर खेळले जातात. त्यानंतर पंजाबातील मीर सुलतान खान. सर उमर हयात खान यांच्या पदरी असलेला हा माणूस १९२९ साली इंग्लंडात गेला काय, आणि आपल्याकडील जुन्या नियमांत प्यादे पहिल्या खेळीलाही एकच घर चालते अशा खेळावर वाढलेला असूनही त्याच वर्षी ब्रिटिश अजिंक्यपद जिंकतो काय! १९३२ आणि १९३३ साली ते त्याने पुन्हा जिंकले, आणि हेस्टिंग्जच्या स्पर्धेत खुद्द कापाब्लांकाला हरविले. फिडे या जागतिक बुद्धिबळ महासंघाने त्याला मानद ग्रँडमास्टर केले ते २०२४ साली, त्याच्या मृत्यूला अर्धशतकाहून अधिक काळ लोटल्यावर. ज्या जगात सुलतान खान होऊन गेला, त्या जगात देवा किपास असू शकेल असे मानणाऱ्याला मी दोष देणार नाही. मात्र महेशचंद्र आणि सुलतान खान या दोघांचीही पारख प्रत्यक्ष पटावर, समोरासमोर, पुन्हा पुन्हा झाली, ही गोष्ट येथे ध्यानात ठेवावी.

ऑनलाइन खेळात ही पारख प्रथम अंकांच्या स्वाधीन होते. मिल्वॉकीच्या मार्केट विद्यापीठात पदार्थविज्ञान शिकविणारे, हंगेरीत जन्मलेले प्राध्यापक आर्पाद एलो यांनी सिद्ध केलेली गुणांकनपद्धती अमेरिकन महासंघाने १९६० साली आणि फिडेने १९७० साली स्वीकारली; आज फोनवर आपल्या नावापुढे जो आकडा दिसतो तो तिचाच वंशज होय. तिचा अर्थ साधा आहे. दोन खेळाडूंत २०० गुणांचे अंतर असेल तर वरचढ खेळाडूने शंभर डावांत सुमारे ७६ गुण मिळवावेत, आणि अंतर ४०० असेल तर सुमारे ९१. म्हणजे दुबळ्याच्या वाट्यालाही अधूनमधून विजय येतोच. एका डावावरून कोणाचा फैसला करू नये, ही शिकवण त्या गणितातच आहे. देवा किपासने रोझमनला हरविले एवढ्या एका गोष्टीतून म्हणूनच काहीच सिद्ध होत नव्हते. जाणकार बिचकले ते निराळ्या कारणाने. काही काळ सामान्य चढउतारांनी चाललेला तो आकडा अल्पावधीत एकसारखा चढत गेला, आणि त्या चढणीत पडझड म्हणून जवळजवळ दिसेनाशी झाली. माणूस सुधारतो तेव्हा तो अडखळत, घसरत, पुन्हा सावरत सुधारतो. हौशी खेळाडूच्या गुणांकाचा आलेख ज्याने ज्याने न्याहाळला असेल त्याला हे सांगावे लागू नये: रविवारी सकाळी शंभर गुण वर, आणि सोमवारी कचेरीतून थकून आल्यावर तेच शंभर गुण मातीला.

दुसरा मापदंड अचूकतेचा. १९९७ साली डीप ब्लू या यंत्राने कास्पारोव्हला हरविले तेव्हा त्यासाठी खास बांधलेला प्रचंड संगणक लागला होता. आज खिशातल्या फोनवर फुकट चालणारे स्टॉकफिश जगज्जेत्यालाही हरवू शकते. त्या यंत्राने सुचविलेली सर्वोत्तम खेळी आणि माणसाने केलेली खेळी यांत प्रत्येक पावलावर किती तफावत पडली, याची गोळाबेरीज करून संकेतस्थळ शंभरापैकी एक आकडा डावाच्या शेवटी हाती देते. हौशी खेळाडू या आकड्याला फार भुलतात. नव्वदच्या वर अचूकता आली की तिचे छायाचित्र नातलगांच्या समूहावर टाकणारे सज्जन मला ठाऊक आहेत, आणि त्यांचा आनंद मला खरोखर आवडतो. परंतु प्रतिस्पर्ध्याने आठव्या खेळीला वजीर फुकट दिला असेल तर पुढचा डाव कोणीही अचूक खेळेल. अचूकतेचा आकडा अर्थपूर्ण ठरतो तो डाव गुंतागुंतीचा असताना, आणि तसाच एकामागून एक अनेक डावांत टिकून राहिला असताना. देवा किपासच्या बाबतीत इंडोनेशियन जाणकारांनी आक्षेप घेतला तो नेमका या सातत्यावर.

आता हौशी खेळाडूची खरी नाममुद्रा कोठे सापडते, हे एका उदाहरणाने दाखवितो. एंग्लंड गँबिट या नावाने ओळखली जाणारी एक सुरुवात आहे. पांढऱ्याने वजिरापुढचे प्यादे दोन घरे चालविले की काळा राजापुढचे प्यादे दोन घरे टाकून सरळ बळी देतो. पांढरा ते मारतो. काळ्याचा घोडा त्या प्याद्यावर नजर रोखतो. पांढऱ्याचा घोडा त्याला जोर देतो. काळ्याचा वजीर राजापुढच्या घरात येऊन दाब वाढवितो. आणि पांढरा उंट पुढे काढून प्याद्याला आणखी एक जोर लावतो. येथे काळा वजीर तिरका धावून शह देतो, आणि त्याच झेपेत त्याची नजर त्या उंटावर आणि पांढऱ्याच्या वजिराकडील घोड्याच्या प्याद्यावर, अशी दोन्हीकडे पडते. उंट माघारी येऊन शह झाकतो, वजीर ते प्यादे खातो, आणि आता पांढऱ्याची सहावी खेळी आहे. आपल्या मुलखात शिरलेल्या वजिराला हाकलावे, या स्वाभाविक ऊर्मीने पांढरा तोच उंट एक घर तिरका पुढे सारून वजिरावर नेम धरतो. ही खेळी दिसायला देखणी, पण घातक आहे. अशा वेळी वजिराकडचा घोडा बाहेर काढणे हेच रास्त होते. काळ्याचा उंट झेपावून पांढऱ्या उंटाला राजापुढे खिळवून टाकतो, पांढरा वजीर मदतीला येतो, उंटाउंटाची मारामारी होते, पांढरा वजीर त्या घरात ओढला जातो, आणि आठव्या खेळीला काळा वजीर पहिल्या रांगेत उतरून मात देतो.

यंत्राच्या दृष्टीने काळ्याची पहिलीच खेळी वाईट आहे. विनाकारण एक प्यादे गेले, असा त्याचा निर्विकार निवाडा. तरीही हौशी खेळाडू ती हौसेने खेळतो, कारण त्याला डावाइतकाच समोरचा माणूसही दिसत असतो. समोरच्याला घाई आहे, वजीर दिसला की हाकलण्याचा मोह त्याला आवरत नाही, हे त्याने स्वतःच्या अनुभवावरून हेरलेले असते. शैली म्हणून जी काही वस्तू आहे ती मला येथे दिसते: जाणूनबुजून पत्करलेल्या उणिवेत, आवडत्या सापळ्यात, एखाद्या घोड्यावरील अकारण ममतेत. कोणी वजीर गेल्यावर लढण्याची इच्छाच हरवून बसतो. कोणी वजिरावजिरी करून डाव शेवटाकडे नेण्यास नेहमी उत्सुक असतो. कोणाला किल्लेकोट करण्याचे भानच राहत नाही. ज्यांनी एकमेकांशी बरेच डाव खेळलेले आहेत ते हौशी मित्र नाव झाकलेला डावही कोणाचा आहे हे सांगू शकतात.

त्याच सापळ्यातील घड्याळ पाहा. काळ्याच्या पहिल्या पाच खेळ्या पाठ असल्यामुळे दोन-दोन सेकंदांत होतात. पांढरा सहाव्या खेळीपूर्वी क्षणभर थबकतो आणि मग चुकतो. ती चूक होताच काळाही थांबतो, कारण आपण वाट पाहत होतो तेच खरोखर घडले आहे याची खात्री त्याला करून घ्यावयाची असते. त्यानंतरच्या खेळ्या तो आनंदाच्या भरात सटासट करतो. मानवी डावाचे घड्याळ असे असते: कोठे धावते, कोठे अडखळते. समोरच्याने वजीर मारला आणि आपण त्याचा वजीर उलट मारणे एवढी एकच खेळी उरली, तर लहान पोरही ती तत्क्षणी करील. आणि डाव अवघड वळणावर आला, दोन-तीन वाटा फुटल्या, तर तोच पोरगा मिनिटभर नखे कुरतडील. याउलट, शेजारच्या पडद्यावरील यंत्राला विचारून जो खेळतो त्याला सोप्या खेळीलाही यंत्राकडे जाऊन यावे लागते आणि अवघड खेळीसाठी त्याहून अधिक वेळ लागत नाही. त्याचे घड्याळ सपाट चालते. देवा किपासच्या डावांत जाणकारांनी ज्या खुणांकडे बोट दाखविले, त्यांत विचारवेळेचा हा एकसारखेपणाही होता. माझ्या मते साऱ्या खुणांत हीच अधिक बोलकी. कारण उत्तम खेळी हौशी माणसालाही कधी सुचू शकते, पण सोपे आणि अवघड यांतील फरक ज्याच्या घड्याळाला कळत नाही, तो त्या डावात मनाने उपस्थितच नसतो.

इंडोनेशियात या वादाला ज्या रीतीने वाट करून दिली गेली ती मला अनुकरणीय वाटते. इरीन खारिस्मा सुकंदर ही त्या देशाची नामवंत महिला ग्रँडमास्टर. देवा किपासच्या बाजूचे म्हणणे लोकांपुढे आणणारा लोकप्रिय सूत्रसंचालक डेडी कोर्बुझिए याला तिने उघड पत्र लिहिले, आणि कोणाच्याही देशाभिमानाला न डिवचता, त्या डावांचे आकडे काय सांगतात याचा शांत तपशील त्यात दिला. ज्या वेळी आपल्याच देशातले लोकमत एका बाजूला पुराप्रमाणे लोटलेले आहे, त्या वेळी खेळाच्या सत्याची बाजू घेणे सोपे नव्हते. त्यानंतर डेडीनेच पुढाकार घेऊन दोघांचा समोरासमोर सामना ठरविला, आणि २२ मार्च २०२१ रोजी तो झाला. कॅमेऱ्यांच्या साक्षीने, मध्ये पट ठेवून, एकीकडे इरीन आणि दुसरीकडे ते वयस्क गृहस्थ बसले, आणि हा सामना एकाच वेळी दहा लाखांहून अधिक लोकांनी थेट पाहिला. बुद्धिबळाच्या प्रक्षेपणाने तोवर अशी गर्दी पाहिली नव्हती. इरीन ३–० अशी जिंकली.

येथे एक न्यायाची गोष्ट नमूद करणे अवश्य आहे. महिला ग्रँडमास्टरकडून हरणे हा काही अपराधाचा पुरावा होऊ शकत नाही. दिव्यांच्या झोतात, साऱ्या देशाची नजर आपल्यावर रोखलेली असताना, घरच्या खुर्चीत बसून खेळण्याची सवय असलेल्या साठीतल्या माणसाचा हात कापला तर नवल नाही. आपण संगणकाशी सराव करीत आलो आहोत आणि खाते बंद करण्यात आपल्यावर अन्याय झाला आहे, हे म्हणणे त्या गृहस्थांनी सोडले नाही. तथापि पटावर दिसलेला खेळ आणि देवा किपासच्या नावावर जमा असलेला खेळ यांत जी दरी होती, ती केवळ घाबरण्याने पडावी इतकी अरुंद नव्हती, असेच पाहणाऱ्या बहुतेक जाणत्यांचे मत झाले, आणि माझेही तेच आहे. पण त्या सामन्याचे मोल मी त्याच्या निकालावरून ठरवीत नाही. आरोप झालेल्या माणसाला मानाने पटाशी बसण्याची संधी मिळाली, त्याच्याशी कोणी उद्धटपणे वागले नाही, आणि त्याने ते आव्हान स्वीकारले, याचे श्रेय त्यालाही दिले पाहिजे.

त्याच वर्षीच्या जूनमधील आपल्याकडचा प्रसंग याच्याशी ताडून पाहण्यासारखा आहे. करोनाकाळातील मदतनिधीसाठी विश्वनाथन आनंद यांनी नामवंत मंडळींशी एकाच वेळी ऑनलाइन डाव खेळण्याचे मान्य केले होते, आणि त्यात झिरोधा या दलाली पेढीचे सहसंस्थापक निखिल कामत यांनी आनंदना हरविले. दुसऱ्या दिवशी कामत यांनीच जाहीर केले की, आपण संगणकाची आणि डाव पाहणाऱ्या जाणत्यांची मदत घेतली होती, आणि त्याबद्दल दिलगिरी व्यक्त केली. आनंद यांनी मोठ्या मनाने विषय मिटविला. मला मात्र हा प्रकार देवा किपासच्या प्रकरणाहून अधिक खटकला. तेथे शंका होती, वाद होता, बाजू मांडणारी दोन पक्षांची माणसे होती. येथे कबुली होती, आणि तरीही अनेकांनी ती मौज म्हणून सोडून दिली. पाच वेळच्या जगज्जेत्यासमोर बसण्याचे भाग्य ज्याला लाभते, त्याने आपल्या मगदुराप्रमाणे खेळून वीस खेळ्यांत हरावे, आणि त्या वीस खेळ्या जन्मभर जपाव्यात. असा स्वतःचा पराभव हौशी खेळाडूचे मोठे धन आहे.

संकेतस्थळांविषयीही थोडे बोलणे प्राप्त आहे. खाते बंद करताना कोणत्या डावांत काय आढळले याचा तपशील ती सहसा उघड करीत नाहीत. तो उघड केला तर फसविणारे त्यातून नवे धडे घेतील, हे त्यांचे कारण समजण्यासारखे आहे. पण ज्याचे खाते गेले त्याच्यापुरता तरी निकालाचा आधार खुला असावा आणि त्यावर दाद मागण्याची सुलभ सोय असावी, असे मला वाटते. कारण न सांगितलेला हुकूम कितीही रास्त असला तरी तो जुलमासारखा भासतो, आणि इंडोनेशियातील त्या क्षोभाला या मौनाने काही अंशी इंधन पुरविले.

महाराष्ट्राला समोरासमोरच्या पटाची परंपरा नवी नाही. १९५५ साली झालेल्या पहिल्या राष्ट्रीय अजिंक्यपदात रामचंद्र सप्रे संयुक्त विजेते ठरले. १९७४ साली महिलांचे पहिले राष्ट्रीय अजिंक्यपद वासंती खाडिलकरांनी मिळविले. आणि सांगलीत भाऊसाहेब पडसलगीकरांनी नूतन बुद्धिबळ मंडळाच्या द्वारे पिढ्यान्‌पिढ्या स्पर्धा भरविल्या. आजचा हौशी खेळाडू मात्र बहुतांशी एकटा खेळतो. लोकलच्या दाटीत एका हाताने दांडी धरून, किंवा रात्री घर निजल्यावर अंथरुणात, तो ब्राझीलच्या वा तुर्कस्तानच्या कोणा अनामिकाशी झुंजतो. त्याची फजिती पाहायला आणि त्याची कल्पक खेळी पाहून ‘वा!’ म्हणायला शेजारी कोणी नसते. यंत्राचा मोह या एकांतात अधिक बळावतो, असा माझा समज आहे.

म्हणून जिल्ह्याजिल्ह्यांतील बुद्धिबळ संघटनांना माझी विनंती आहे की, केवळ गुणांकन स्पर्धांवर न थांबता त्यांनी महिन्यातील एक रविवार अशा ऑनलाइन खेळाडूंसाठी राखून ठेवावा. प्रवेशशुल्क नको, बक्षीस नको. एखादी शाळा, वीस-पंचवीस पट, तेवढीच घड्याळे आणि चहा एवढी सामग्री पुरे. फोनवर ज्याचा आकडा दोन हजार आहे त्याने यावे, आणि ज्याचा सहाशे आहे त्यानेही यावे. सांगलीने हे काम सर्वप्रथम हाती घ्यावे.